खेळाच्या टेबलावरचा खलाशी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. १९६९च्या ऑगस्टमध्ये तिथल्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये युद्धखेळांचे शौकीन जमले होते. ‘जेन कॉन’ नावाच्या या मेळाव्यात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांची गाठ पडली आणि शिडाच्या जहाजांच्या लढाया या विषयावर दोघांचं जमलं. पुढे माइक कार यांना सोबत घेऊन त्यांनी नेपोलियनच्या काळातल्या आरमारी लढायांचे नियम रचले. १९७२मध्ये ते ‘डोन्ट गिव्ह अप द शिप’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७४मध्ये, गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. भुयारं आणि ड्रॅगन यांच्यासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या खेळाचा पाया घालणारी मैत्री अशी समुद्रावरून जुळली होती. मूळ संचाच्या तिसऱ्या पुस्तिकेतही जहाजांच्या लढाईचे नियम होतेच.

या खेळात चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो, आणि एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन सगळं जग चालवतो. काय करायचं ते खेळाडू तोंडाने सांगतात. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. अशा खेळात खलाशाचं पात्र घ्यायचा मोह अनेकांना होतो. बऱ्याचदा ते पात्र डोळ्यावरची पट्टी, खांद्यावरचा पोपट आणि रमची बाटली यांच्यापुढे जात नाही. तिसऱ्या बैठकीपर्यंत त्यातली मजा ओसरते, कारण पोशाखाला करण्यासारखं काम नसतं. खलाशी हा आधी कसबी माणूस आहे, हे ओळखून पात्र रचलं तर मात्र ते वर्षभर पुरतं.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमपुस्तकात ‘सेलर’ ही पार्श्वभूमी आहे. ती निवडली की पात्राला अंगमेहनतीचं आणि सावध नजरेचं कौशल्य मिळतं. मार्ग काढण्याची उपकरणं वापरता येतात, जलवाहनं हाकता येतात. सामानात दोर अडकवायची लाकडी खुंटी असते, जी वेळेला सोटा म्हणून कामी येते. शिवाय ५० फूट रेशमी दोर आणि एखादा ताईत, म्हणजे सशाचा पाय किंवा मधोमध भोक पडलेला दगड. ओळखीच्या जहाजावर स्वतःला आणि सोबत्यांना फुकट प्रवासही मिळतो. बदल्यात सगळ्यांनी जहाजावर हात लावायचा, एवढीच अट. यादी साधीच आहे, पण तिच्यातली प्रत्येक वस्तू कामाची आहे.

दोराचंच घ्या. जहाजावर चकमक चालू आहे आणि एक योद्धा कठड्यावरून पाण्यात पडला. नियमानुसार तो एक मिनिट अधिक त्याच्या काटकपणाची भर, इतका वेळ श्वास रोखू शकतो. त्याचा काटकपणा १४ असेल तर भर दोनाची, म्हणजे एकूण तीन मिनिटं. लढाईची एक फेरी सहा सेकंदांची, तेव्हा त्याच्याकडे ३० फेऱ्या आहेत. बुडण्याची घाई नाही, असं वाटतं. पण शिडाचं जहाज ताशी दोन मैलांनी चाललंय, म्हणजे एका फेरीत ते साडेसतरा फूट पुढे सरकतं. ज्याचा पायी वेग ३० फूट आहे, तो पोहताना निम्माच, १५ फूट जातो. सगळं सोडून जिवाच्या आकांताने हात मारले तरच त्याला जहाज गाठता येईल. गोंधळून जागच्या जागी राहिला तर तिसरी फेरी संपता संपता तो ५० फुटांच्या दोराच्या पलीकडे गेलेला असतो. डेकवरचे बाकीचे वीर तलवारी परजत असताना ज्याला हा हिशोब ठाऊक आहे आणि जो पहिल्याच फेरीत दोर फेकतो, तो खलाशी. हे त्याला पोपटावाचून जमतं.

पाण्याखाली तर सगळे हिशोबच बदलतात. लांब तलवार चालवायची तर दोनदा फासा टाकून कमी आकडा घ्यावा लागतो. खंजीर, आखूड तलवार, भाला किंवा त्रिशूळ असेल तर ही अडचण नाही. धनुष्यही अवघड होतं. पूर्ण बुडालेल्या प्राण्याला आगीची इजा निम्मीच होते, त्यामुळे आगीच्या गोळ्यावर भिस्त ठेवणारा जादूगार तिथे अर्धा होतो. शस्त्रं निवडताना हे ज्याला सुचतं, त्याचं ऐकलेलं बरं, हे मग टेबलावरच्या सगळ्यांनाच पटतं.

एक अडचण जहाजाचीही आहे. २०१४च्या डंजन मास्टर मार्गदर्शिकेत शिडाच्या जहाजाची किंमत १०,००० सुवर्णमुद्रा आहे, ते चालवायला २० माणसं लागतात आणि त्यात १०० टन माल मावतो. हे सगळं चारपाच पात्रांच्या हाती आलं की एक जण कप्तान होतो, फासे टाकतो, आणि बाकीचे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतात. यावरचं चांगलं उत्तर २०१९च्या ‘घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श’ या पुस्तकात सापडतं. सॉल्टमार्श या किनाऱ्यावरच्या गावाची कथा मूळ १९८१ची. डेव्ह ब्राउन आणि डॉन टर्नबुल यांनी खेळाची तेव्हाची प्रकाशक असलेल्या टीएसआर कंपनीच्या ब्रिटिश शाखेसाठी ती लिहिली होती. भुताटकीचं म्हणून बदनाम झालेलं घर आणि त्याच्या आडून चालणारी चोरटी आयात, हे तिचं सूत्र. नव्या पुस्तकाने तिला जहाजांचे सविस्तर नियम जोडले आणि जहाजावर सहा हुद्दे दिले: कप्तान, फर्स्ट मेट, बोसन, क्वार्टरमास्टर, शल्यवैद्य आणि आचारी. डागडुजी बोसनकडे, मार्ग आखणं क्वार्टरमास्टरकडे. खलाशांचं मनोबल आकड्यात मोजलं जातं आणि ते ढासळलं की बंडाची वेळ येते. आता प्रत्येक खेळाडूच्या हाताला काम असतं.

कप्तानाऐवजी तळाच्या खलाशापासून सुरुवात केली तर नाट्य आणखी चढतं. पायझो कंपनीच्या ‘पाथफाइंडर’ या खेळासाठी २०१२मध्ये आलेली ‘स्कल अँड शॅकल्स’ ही मालिका तशी सुरू होते. बंदरावरच्या गुत्त्यात पात्रांच्या पेयात गुंगीचं औषध मिसळलं जातं आणि ती जागी होतात ‘वर्मवूड’ या चाचेजहाजाच्या पोटात. मग रोजची कामं: डेक घासणं, दोर ओढणं, स्वयंपाकघरात राबणं. चुकलं की फटके. कोणता खलाशी आपल्या बाजूने येईल, कोण चुगली करील, याची पारख करत दिवस काढायचे. या मालिकेतून गेलेल्या खेळाडूला पुढे स्वतःचं जहाज मिळतं तेव्हा हुकूम कुणाला सोडायचा आणि कसा, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं.

पात्राला खोली देणारी सामग्री खऱ्या इतिहासात भरपूर आहे. वाट काढणारा खलाशी हवा असेल तर सातावाल बेटावरच्या माऊ पियाइलुगकडे पाहावं. १९७६मध्ये त्यांनी ‘होकुलेआ’ ही दुहेरी होडी कुठल्याही उपकरणाविना, तारे आणि लाटा वाचत हवाईहून ताहितीला नेली. गनिमी काव्याचा कप्तान हवा असेल तर मराठी खेळाडूला दूर जायला नको. आंग्र्यांच्या आरमारात दोन-तीन डोलकाठ्यांचे गुराब आणि वल्ह्यांवर चालणारी हलकी गलबतं असत. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून शत्रूच्या जहाजाच्या मागे आणून ठेवत, कारण तिथे शत्रूच्या तोफा कमी. मग दुरून डोलकाठ्यांवर मारा करायचा आणि जहाज लुळं पडलं की घेरायचं. १७१८मध्ये खांदेरीवर चाल करून गेलेल्या इंग्रजांना कान्होजी आंग्र्यांसमोर हात हलवत परतावं लागलं. ज्या टेबलावर वाऱ्याची दिशा आणि जोर प्रत्येक फेरीला ठरवला जातो, तिथे हा डाव जसाच्या तसा खेळता येतो.

जादूचं काय, हा प्रश्न उरतो. तिसऱ्या पातळीच्या एकाच मंत्राने दहा जणांना २४ तास पाण्यात श्वास घेता येतो, आणि समुद्राची भीती तिथेच संपते. उर्सुला ले ग्विन यांनी १९६८च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत हा पेच सुरेख सोडवला आहे. तिचा नायक गेड जादूने वारा आणू शकतो, पण जादूविना होडी हाकायला तो शिकतो एका होडी बांधणाऱ्याकडून. खेळात मंत्रांची संख्या मोजकी असते. ते संपल्यावर शीड कुणी सांभाळायचं, हे डंजन मास्टरने पाहिलं की खलाशाची गरज टिकते.

आणि मोहीम जमिनीवर गेली तर? हाच खेळ खेळून दाखवणाऱ्या ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमाच्या २०१८मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या मोहिमेत अभिनेता ट्रॅव्हिस विलिंगहॅम यांनी फ्योर्ड हे पात्र साकारलं. अर्धा ऑर्क, जहाज बुडून किनाऱ्याला लागलेला, समुद्रातल्या एका शक्तीशी नकळत करार झालेला. तो बोलायचाही आपल्या हरवलेल्या कप्तानाच्या लकबीत. मोहिमेचा बराच भाग किनाऱ्यापासून दूर घडतो, तरी त्याच्यातला खलाशी पुसट होत नाही, कारण त्याने समुद्रावर काहीतरी गमावलेलं आहे.

खेळ सुरू होण्याआधी गटाने एक कागद करून घ्यावा, त्याचा नमुना बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरच्या कलमांत आहे. ती १७२४मध्ये छापली गेली. महत्त्वाच्या निर्णयात प्रत्येकाला मत. लुटीत कप्तान आणि क्वार्टरमास्टर यांचे दोन-दोन वाटे, बोसन आणि तोफखान्याचा प्रमुख यांचे दीड-दीड. हात किंवा पाय गमावणाऱ्याला सामाईक तिजोरीतून ८०० चांदीची नाणी. खेळाडूंनी आपल्या पात्रांच्या नावाने अशा कागदावर सह्या केल्या की पहिलं वादळ येण्याआधीच वाद घालायला, माघार घ्यायला आणि एकमेकांसाठी दोर फेकायला कारणं तयार असतात.