पहिली छऱ्याची बंदूक

सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगविण्याच्या गिरण्या आहेत, आणि त्या भागात खानदेशातून आलेली बरीच मराठी कुटुंबे राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळविले. अशा वेळी घरातील मुलाने छऱ्याची बंदूक मागितली, तर मोजक्या पैशांत कोणती कंपनी निवडावी?

यंत्रावर राबणारा बाप हे चटकन ओळखील. ज्याचा सुटा भाग गावात मिळत नाही, ते यंत्र स्वस्त असूनही महागच पडते. स्प्रिंग आणि दट्ट्याचे वॉशर कधीतरी झिजणारच. ते कोठे मिळतील, हे आधी विचारावे. मग बंदूक भक्कम टेकवून १० मीटरांवरून ५ छर्रे झाडून पाहावेत. छिद्रे बाजूला, पण एकत्र पडली, तर नेमाची खूण सरकवून दोष निघतो. विखुरली, तर नावलौकिक व्यर्थ होय.

मात्र पहिला खर्च संरक्षक चष्म्याचा करावा. कठीण भिंतीवरून छर्रा उसळून मागे येतो. बंदूक पुन्हा घेता येते, डोळा नव्हे.