भुसभुशीत बर्फाखालचा कच्चा थर

जानेवारीत निफाडचा पारा घसरला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत दोन छायाचित्रं ठरलेली असतात. गोदाकाठच्या शेकोट्या आणि द्राक्षाच्या पानांवर साचलेले हिमकण. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमानाचा आकडा पहिल्या पानावर येतो. बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात, कारण थंडीनं मण्यांची फुगवण थांबते आणि तयार मणी तडकतात. याच दिवसांत आपल्याकडची डोंगरवेडी तरुण मंडळी स्कीइंग शिकायला गुलमर्गची तिकिटं काढत असतात. निफाडच्या पानावर जे पांढरं साचतं, तेच गुलमर्गच्या उतारावरही साचतं. तिथं मात्र त्याच्यावर पुढच्या हिमवृष्टीचा थर बसतो, ते झाकलं जातं आणि काही आठवड्यांनंतरही माणसांचा जीव घेऊ शकतं.

दोन्हीकडे कारण एकच, पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून निघालेल्या या वादळी प्रणाली हिवाळाभर एकामागून एक पूर्वेकडे सरकतात. काश्मीरच्या पीर पंजाल रांगेवर त्या बर्फ ओततात. त्या पुढे सरकल्या की आकाश निवळतं, उत्तरेचं कोरडं, थंड वारं खाली उतरतं आणि दोन-तीन दिवसांत आपल्याकडे हुडहुडी भरते. ढग नसलेल्या रात्री जमीन, पान, बर्फ अशा उघड्या पृष्ठभागांतली उष्णता थेट आकाशात निघून जाते. त्यामुळे पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, पेटीत असतो. तो चार-पाच अंश दाखवत असताना पानाचा पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असू शकतो. मग हवेतली वाफ पाणी न होताच तिथं स्फटिक होऊन बसते. निफाडला सूर्य वर आला की ते संपतं. गुलमर्गला, चिल्लई कलां म्हणजे कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, सावलीतल्या उतारांवर ते संपत नाही. रात्रीमागून रात्री स्फटिक वाढत जातात, पिसासारखे पातळ, उभे, चकाकणारे. आणि मग पुढचा झंझावात येतो.

पण आधी लोक तिथं जातात कशासाठी, ते सांगायला हवं. स्कीइंगच्या नेहमीच्या उतरणीवर यंत्रानं दाबून, विंचरून घट्ट केलेला बर्फ असतो. ती आखलेली वाट सोडून ताज्या, कुणाचंही पाऊल न पडलेल्या बर्फातून उतरणं म्हणजे ऑफ-पिस्ट. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथल्या गंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि तो माणसाला अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट उंचीवर, पायपीट न करता. तिथून खाली येणाऱ्या बहुतेक वाटांवर यंत्र फिरलेलं नसतं. ताज्या हिमवृष्टीनंतर अशा बर्फाच्या एका घनमीटरचं वजन जेमतेम ५० ते १०० किलो भरतं. पाण्याचं १,००० किलो असतं. तेव्हा त्या थरात सुमारे नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त हवाच असते. त्यातून उतरताना स्कीचा आवाज येत नाही, बर्फ छातीपर्यंत उडतो आणि वजन नाहीसं झाल्यासारखं वाटतं. ज्यानं एकदा अनुभवलं तो पुन्हा पुन्हा जातो. त्या ओढीला मी वेडेपणा म्हणणार नाही.

बूट घालून अशा बर्फात उभे राहिलात तर कमरेपर्यंत रुताल. ७५ किलोच्या माणसाचं वजन दोन बुटांच्या साधारण ६०० चौरस सेंटिमीटरवर पडतं. १८० सेंटिमीटर लांब आणि ११ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्कींवर तेच वजन जवळजवळ ४,००० चौरस सेंटिमीटरवर पसरतं आणि दाब सहा-साडेसहा पटींनी कमी होतो. म्हणून भुसभुशीत बर्फाच्या स्की रुंद असतात. घट्ट उतरणीवर शिकलेल्याला इथं जुन्या सवयी मोडाव्या लागतात. तिथं वळताना बाहेरच्या पायावर भार टाकायचा असतो. इथं तसं केलं की तो पाय खाली जातो, दुसरा वर तरंगतो आणि माणूस तोंडावर पडतो. दोन्ही पायांवर सारखा भार, दोन्ही स्की जवळ, आणि लयीत खाली-वर. नवखा घाबरून मागे रेलतो, स्कीची टोकं वर राहावीत म्हणून. पाच मिनिटांत मांड्या भरून येतात आणि वळणं हातची जातात. चांगला प्रशिक्षक सकाळभर एवढंच सांगत असतो: मागे रेलू नका, पायांच्या मधोमध उभे राहा.

वळणं आठवड्याभरात बऱ्यापैकी जमतात. बर्फाच्या आत काय आहे ते वाचायला फार वेळ लागतो, आणि जीव त्यावरच अवलंबून असतो.

झाकल्या गेलेल्या स्फटिकांकडे परत येऊ. वरच्या बर्फाखाली त्यांचा कच्चा थर होतो. असा थर दुसऱ्या एका रीतीनंही तयार होतो, थेट बर्फाच्या तळाशी. बर्फाखालची जमीन हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास राहते, कारण वरचा बर्फ तिला ऊब देतो. पृष्ठभाग मात्र उणे बारा, उणे पंधरापर्यंत जातो. खालची वाफ वर सरकू लागते आणि वाटेतल्या कणांवर पुन्हा गोठते. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक असला की मूळचे गोल, एकमेकांना चिकटलेले कण विरतात आणि त्यांच्या जागी जाडसर, कोनदार कण वाढतात. मुठीत दाबून त्यांचा गोळा करू पाहिला तर ते बोटांतून निसटतात. आता गणित पाहा. पृष्ठभाग उणे बारा असताना बर्फ ६० सेंटिमीटर असेल तर दर दहा सेंटिमीटरला दोन अंशांचा फरक पडतो. तोच बर्फ दोन मीटर असेल तर अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला कमी पडलेला बर्फ जास्त घातक पाया तयार करतो. ‘यंदा बर्फच कमी आहे, मग हिमस्खलन कसलं’ हा पर्यटकांचा हिशेब इथं साफ चुकतो.

या कच्च्या थरावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो आणि त्याची एकसंध स्लॅब तयार होते. वरून पाहणाऱ्याला फक्त गुळगुळीत, पांढरा, मोहात पाडणारा उतार दिसतो. स्कीवरच्या माणसाचा भार खालपर्यंत पोचला की कच्चा थर एखाद्या ठिकाणी खचतो. खचतो किती, तर काही मिलिमीटर. पण हे खचणं बाजूला पसरतं, एका सेकंदात कित्येक मीटर, आणि वरची अख्खी स्लॅब सुटी होते. खचताना आतून एक जड, दबका ‘व्हुम्फ’ येतो. सपाटीवर तो ऐकू आला तरी वरचा उतार सुटू शकतो. ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड एवढा लहानसा तुकडा धरला आणि घनमीटरला २०० किलो वजन मानलं, तरी तो अडीचशे टनांचा होतो. त्याच्या मधोमध आपण उभे असतो. परदेशातल्या नोंदी सांगतात की अशा दर दहा अपघातांपैकी नऊमध्ये स्खलन सापडलेल्या माणसानं किंवा त्याच्या सोबत्यानंच सुरू केलेलं असतं.

इथं सह्याद्रीत घडलेली नजर दगा देते. हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्या चढलेल्याला तीव्र चढ म्हणजे धोका, मंद उतार म्हणजे निर्धास्त, असं वाटणं साहजिक आहे. बर्फ मात्र तशा उभ्या कातळावर टिकतच नाही, थोडाथोडा झडून जातो. स्लॅब सुटते ती बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. आपल्याकडे हा कोन रोज पायाखाली असतो. कातळकड्याच्या पोटाशी साचलेला घसारा साधारण याच कोनात स्थिरावतो. ट्रेकरला तो दमवतो, एखाद-दुसरं ढोपर फोडतो, पण त्याची भीती वाटत नाही.

हा कोन मोजायला शिकवतात त्याची रीत सोपी आहे. सारख्या लांबीच्या दोन स्कीकाठ्या घ्यायच्या. एक बर्फावर उभी धरायची. दुसरी तिच्या मध्यावर टेकवून चढाच्या दिशेनं आडवी धरायची. आडवीचं दुसरं टोक नेमकं बर्फाला टेकलं तर उतार सुमारे २७ अंशांचा. टेकण्यासाठी ती उभीच्या मध्याहून वर सरकवावी लागली तर उतार त्याहून तीव्र, म्हणजे आपण विचार करण्याच्या पट्ट्यात आलो. उभीच्या थेट टोकाशी धरून टेकली तर ४५ अंश.

कच्चा थर शोधायचा तर खणावं लागतं. फावड्यानं खड्डा करून त्याच्या भिंतीत ३० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद असा खांब सुटा करतात. वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि हातानं थापट्या मारायच्या. पहिल्या दहा फक्त मनगटातून, पुढच्या दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून. खांब कितव्या थापटीला सरकला याच्याइतकंच तो कसा सरकला हेही पाहायचं असतं. मनगटाच्या चौथ्या-पाचव्या थापटीलाच एखाद्या रेषेवरून वरचा ठोकळा कापल्यासारखा स्वच्छ घसरून पुढे आला तर त्या बाजूचा उतार त्या दिवशी सोडायचा. मात्र एका खड्ड्यानं ‘ठीक आहे’ म्हटलं म्हणून शंभर मीटरवरचा उतारही ठीक असतो असं नाही. वाऱ्यानं बर्फ कुठं उडवून नेला, कुठं साठवला, त्यावर सगळं बदलतं. म्हणून सरकारी पत्रक आणि प्रत्यक्ष पाहणी दोन्ही लागतात. हिमस्खलनाचे इशारे संरक्षण संशोधन संस्थेचं चंदीगडचं केंद्र देतं. पूर्वी ते सासे म्हणून ओळखलं जायचं, आता डीजीआरई. इशारा पाच पायऱ्यांत असतो. मधली तिसरी पायरी ‘मध्यम’ वाटते म्हणून लोक तिला हलक्यात घेतात, आणि तेच घातक ठरतं.

अफरवटच्या उतारांनी हे सगळं दाखवून दिलेलं आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान प्रशिक्षणातच हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश स्कीपटू आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू. उत्तराखंडात ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. तेव्हाच्या शोधात २७ मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ताच लागला नाही. महाराष्ट्रातले कितीतरी गिर्यारोहक त्याच संस्थेत बेसिक, अ‍ॅडव्हान्स करून आलेले आहेत, त्यामुळे ती बातमी इथं घरातल्यासारखी लागली. जवान आणि प्रशिक्षक यांच्याइतकं डोंगर ओळखणारे फार नसतात. तरीही कच्चा थर त्यांना फसवू शकतो, हे आठवड्याभराच्या सुट्टीवर जाणाऱ्यानं मनात धरावं.

गाडलं गेल्यावर घड्याळ फार वेगानं धावतं. वाहताना भुसभुशीत असलेला बर्फ थांबताक्षणी घट्ट होतो. बोटसुद्धा हलत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चेहऱ्यापाशीच साचतो. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहापैकी नऊ जण जगतात. अर्ध्या तासानं हे प्रमाण दहापैकी तिघांवर येतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवर सहाव्या दिवशी जिवंत सापडलेले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड हा विलक्षण अपवाद होता, आणि तेही पुढे तीन दिवसांतच गेले. दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही. वाचवू शकतो तो शेजारी उभा असलेला सोबतीच.

त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, पिशवीत घडीची लांब सळई म्हणजे प्रोब, आणि धातूचं फावडं असावं लागतं. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवतो. अपघात झाला की वाचलेले आपापला ट्रान्सीव्हर शोधाच्या स्थितीत नेतात. सरावासाठी प्रशिक्षक चालू ट्रान्सीव्हर पिशवीत घालून पुरून ठेवतो आणि घड्याळ लावतो. पडद्यावरचा आकडा कमी होत जातो, शेवटच्या दोन-तीन मीटरांत बर्फाला टेकवून, हळू, फुलीच्या आकारात फिरवावं लागतं. इथंच नवखे घाई करतात आणि मिनिटं जातात. काहींकडे ओढल्यावर फुगणारी हवेची पिशवीही असते. नाशिकच्या चिवड्याचा डबा हलवला की मोठे जिन्नस वर येतात आणि मीठ-मसाल्याचा चुरा तळाला जातो. वाहत्या बर्फात मोठ्या आकाराची वस्तू तशीच वर राहते. पिशवी माणसाचा आकार वाढवते, एवढंच तिचं काम.

आणि उतरायचं एकेकानं. बाकीच्यांनी सुरक्षित कडेला उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. एकदम दहा जण सुटले तर छायाचित्र छान येतं, पण अपघात झाला तर शोधायला कोणी उरत नाही.

स्कीइंगचे पायाभूत अभ्यासक्रम गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत, मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी संस्थेत, औलीला होतात. माझं स्पष्ट मत आहे की ते पूर्ण केल्याशिवाय गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून आखलेली वाट सोडू नये. त्यानंतरही स्थानिक वाटाड्या हवाच. पैसे देण्याआधी त्याला चार गोष्टी विचाराव्यात. आजचं पत्रक काय म्हणतं? तिन्ही साधनं प्रत्येकाला मिळणार का? वर जाण्याआधी शोधाचा सराव करून घेणार का? वाट धोक्याची वाटली तर दुसरी कोणती ठरवली आहे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरा वाटाड्या शोधावा. ‘आज वर नको’ म्हणणारा भेटला, तर त्याचे त्या दिवसाचे पैसे पूर्ण द्यावेत आणि खालच्या उतरणीवर त्याच्याकडून वळणं शिकावीत.