वजन घटले की स्तनांचा आकारही घटतो का? जाणून घ्या
भिवंडीत वऱ्हाळा देवी तलावाकाठी रोज चालून वजन उतरले आणि ब्रा सैल झाली, तर घाबरू नका. स्तनांत दूधग्रंथींसोबत चरबीही असते. वजन घटताना अंगभरची चरबी कमी होते, तशी तिथलीही. किती, ते वय, हार्मोन्स आणि आनुवंशिकतेवर ठरते. फक्त छातीचीच चरबी घटवणारा व्यायाम नाही. पुश-अप्सने स्तनांखालचे स्नायू बळकट होतात, स्तनांचा आकार फारसा बदलत नाही.

मात्र एकाच स्तनाचा आकार बदलला, गाठ लागली, त्वचेला खळी पडली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर व्यायामामुळे झाले असेल म्हणून सोडून देऊ नका. दुखत नसले तरी इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.