सातारा ते सांगली : ६७ किलोमीटर?

सातारा आणि सांगली यांच्यातले सरळ रेषेतले अंतर किती? नकाशा आणि मोजपट्टी घेतली तर पाच मिनिटांत उत्तर मिळते. हेच काम संगणकाकडून करून घ्यायचे असेल, तर पृथ्वीच्या गोलावरचे अंतर काढण्याचे सूत्र आपणच लिहायला हवे असे नाही. ते कोणीतरी आधीच लिहून, तपासून ठेवलेले असते.

अशा तयार तुकड्याला संगणकाच्या भाषेत ‘फंक्शन’ म्हणतात. गणिताच्या पुस्तकात आपण ज्याला ‘फल’ म्हणतो, त्याचेच हे भावंड. पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. वरून धान्य घातले की खालून पीठ येते. आतले जाते कसे फिरते हे ठाऊक नसले तरी दळण मिळते. फंक्शनमध्येही काही आकडे घालायचे आणि उत्तर घ्यायचे. एका विषयाच्या अनेक फंक्शन्सचा संच म्हणजे लायब्ररी. लायब्ररी मुक्तस्रोत असेल तर गिरणीचे झाकण उघडून आतली रचना पाहता येते, ती बदलता येते आणि केलेला बदल इतरांनाही देता येतो. पायथन या भाषेसाठी असलेली ‘जिओपाय’ ही अंतरे काढणारी अशीच एक लायब्ररी.

आता आकडे घालू. साताऱ्याचे अक्षांश १७.६८ उत्तर, रेखांश ७४.०२ पूर्व. सांगलीचे अक्षांश १६.८५ उत्तर, रेखांश ७४.५८ पूर्व. दोन्ही ठिकाणे फंक्शनला दिली की उत्तर येते, सुमारे ११० किलोमीटर.

समजा, आपण प्रत्येक ठिकाणाचे रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहिले. फंक्शन तक्रार करील का? मुळीच नाही. ते शांतपणे सांगेल, सुमारे ६७ किलोमीटर. कारण ७४ उत्तर अक्षांश आणि १७ पूर्व रेखांश अशी जागा पृथ्वीवर खरोखरच आहे. ती नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात! फंक्शनने हिशेब अचूक केला. फक्त तो सातारा–सांगलीचा नव्हता.

ही अदलाबदल सहज होते, कारण सगळ्या लायब्ऱ्यांचा क्रम एक नाही. ‘जिओपाय’ आणि नकाशे दाखवणारी ‘लीफलेट’ यांना अक्षांश आधी लागतात. भौगोलिक माहिती साठवण्याच्या ‘जिओजेसन’ या पद्धतीत रेखांश आधी येतात. तसेच कोनांचे. वहीत आपण साइन ३० म्हणजे ०.५ लिहितो. पायथनच्या गणिती लायब्ररीला साइन ३० विचारा, उत्तर येते उणे ०.९८८. तिच्या लेखी ३० म्हणजे ३० अंश नव्हेत, ३० रेडियन. कोणता क्रम, कोणते एकक, हे प्रत्येक फंक्शनच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. ते आधी वाचायचे.

वेब फ्रेमवर्कमध्ये आणखी एक गंमत असते. लायब्ररीतल्या फंक्शनला आपण हाक मारतो. फ्रेमवर्क मात्र आपण लिहिलेल्या फंक्शनला हाक मारते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झालेले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले झालेले ‘जँगो’ हे असेच फ्रेमवर्क. कोणी एखादे पान मागितले की ते पान तयार करणारे आपले फंक्शन जँगो चालवते. मागणी कशी आली, उत्तर कसे पोचवायचे, ही कामे त्याची. पानात काय असावे हे काम आपले, आणि ते बरोबर असण्याची जबाबदारीही आपलीच.

ही जबाबदारी किती मोठी? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. पातळी घेऊन ‘धोका आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगणारे फंक्शन कोणी फुटांसाठी लिहिले आणि दुसऱ्याने त्याला मीटर दिले असे समजा. ५७ फूट म्हणजे सुमारे १७.४ मीटर. १७.४ हा आकडा ४५ पेक्षा लहान, म्हणून उत्तर येईल, ‘धोका नाही’. हे उदाहरण कल्पनेतले आहे, पण अशी गफलत खरोखर घडलेली आहे. एका संगणक-प्रणालीने पौंडाच्या हिशेबात दिलेले आकडे दुसरीने न्यूटनचे समजून घेतले, आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान नष्ट झाले.

मग तयार फंक्शन वापरायचेच नाही का? जरूर वापरावे. पण उत्तराची ढोबळ परीक्षा घेऊन. सातारा–सांगलीचेच पाहा. दोघांच्या अक्षांशांत ०.८३ अंशाचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे नुसते उत्तर–दक्षिण अंतरच सुमारे ९२ किलोमीटर भरते. एकूण अंतर त्याहून कमी असूच शकत नाही. ६७ हे उत्तर इथेच बाद होते! रेखांशांतल्या ०.५६ अंशांचे या भागात सुमारे ५९ किलोमीटर होतात. आता पायथागोरसचा सिद्धांत लावा : ९२चा वर्ग अधिक ५९चा वर्ग, त्याचे वर्गमूळ सुमारे १०९. फंक्शनच्या ११०च्या अगदी जवळ. एवढ्या लहान अंतरासाठी जमीन सपाट धरली तरी फारसे बिघडत नाही.

नववी-दहावीच्या वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. मुलांना आपले गाव आणि तालुक्याचे ठिकाण यांचे अक्षांश-रेखांश शोधू द्या. आधी पायथागोरसने अंतर काढू द्या आणि मगच संगणकाला विचारू द्या. नंतर मुद्दाम आकड्यांचा क्रम उलटा करायला सांगा आणि हे उत्तर का चुकले ते त्यांनाच शोधू द्या. संगणक नसेल तर पहिला अर्धा भाग कागदावरही होतो, आणि खरे शिकणे त्याच भागात आहे.