तिसऱ्या वर्षाला कॉलेज बदलताना

लोणावळ्याचा घाट उतरून कर्जतला आलं की जिल्हा बदलतो, आणि विद्यापीठही. वर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, खाली मुंबई विद्यापीठ. उलट नाशिक ते पुणे अंतर दोनशे किलोमीटर, तरी विद्यापीठ एकच. वडिलांची बदली होते, लग्न ठरून सासर दुसऱ्या गावी मिळतं, घरात कुणी अंथरुणाला खिळतं, आणि दोन वर्षं झालेली पदवी दुसरीकडे न्यायची वेळ येते. अशा वेळी आधी विद्यापीठांच्या हद्दी पाहाव्यात.

विद्यापीठ तेच राहत असेल तर वाट सोपी. संलग्न कॉलेजात पदवी विद्यापीठच देतं, कॉलेज फक्त शिकवतं. नव्या कॉलेजात तोच मुख्य विषय आणि रिकामी जागा हवी, जुन्या कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र हवं, आणि विद्यापीठाची मंजुरी. एक कॉलेज स्वायत्त असेल तर मात्र सावध राहा. स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, म्हणून पेपर जुळतीलच असं नाही.

विद्यापीठ बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रतेची तपासणी येते. ही कागदपत्रं धावपळ करून मिळतात. खरी अडचण क्रेडिटच्या हिशेबात असते आणि तो हिशेब फार कमी मुलं आधी मांडतात.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. २२ धरले तर तीन वर्षांच्या पदवीचे १३२. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स नियमावलीप्रमाणे, जी संस्था पदवी देणार तिथून किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात, म्हणजे ६६. दोन वर्षांनंतर उरतात ४४. नवं विद्यापीठ एका वर्षात तुम्हाला आपली पदवी देऊ शकत नाही ते यामुळे. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचे १७६ क्रेडिट धरा. निम्मे ८८, आणि दोन वर्षांनंतर उरतातही नेमके ८८. तिथे गणित काठावर का होईना, बसतं. म्हणून उशिरा विद्यापीठ बदलणाऱ्याने चार वर्षांच्या पदवीचा विचार जरूर करावा, फी आणि घरची परिस्थिती झेपत असेल तर.

एटीकेटीचा पेपर राहिला असेल तर त्याचे क्रेडिट तुमच्या नावावर नाहीत. तो शक्यतो जुन्या जागीच सोडवावा. नव्या ठिकाणी तसाच पेपर सापडेल याची खात्री नसते.

लगेच कुठेच प्रवेश जमत नसेल तर घाबरून शिक्षण सोडू नका. मिळवलेले क्रेडिट बँकेत साधारण सात वर्षं धरले जातात, त्या मुदतीत परत येता येतं. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजने अडवून ठेवू नयेत, असं आयोगाने २०१८ मध्येच बजावलं आहे. कुणी अडवलं तर ही गोष्ट अर्जात लिहा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

गाव सोडण्यापूर्वी एक काम करा. डिजिलॉकरमध्ये अकॅडेमिक बँकेचं खातं उघडून प्रत्येक सत्राचे क्रेडिट दिसतात का ते तपासा. ते तुम्ही स्वतः भरू शकत नाही, संस्थेनेच चढवावे लागतात. एखादं सत्र गायब असेल तर त्याच दिवशी परीक्षा विभागाच्या खिडकीशी जाऊन उभे राहा. दुसऱ्या शहरातून फोन करून हेच काम करून घ्यायला महिने जातात.