परवानगीवाचून प्रयोग करू नये

छापील मराठी नाटकात पहिल्या प्रवेशाआधी एक मजकूर हमखास असतो: प्रयोग, भाषांतर, चित्रपट-रूपांतर यांचे सर्व हक्क अमक्यांच्या स्वाधीन, लेखी परवानगीवाचून प्रयोग करू नये. खाली पत्ता. हौशी मंडळी हे पान उलटून थेट पात्रांच्या यादीकडे वळतात. पण कॉपीराइट म्हणजे काय ते याच चार ओळींत आहे. एका नाटकावर एकच हक्क नसतो, हक्कांची मोळी असते. छापण्याचा हक्क प्रकाशकाकडे, व्यावसायिक प्रयोगांचा निर्मात्याकडे आणि चित्रपटाचा अजून लेखकाकडेच, अशी वाटणी होऊ शकते.

या मोळीला कायद्यानंच काही सवलतीही जोडल्या आहेत. हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेला प्रयोग हा हक्कभंग ठरत नाही. त्यामुळे गणेशोत्सवातल्या मोफत प्रयोगाला कलम ५२चा आधार आहे. मात्र कलाकार मानधन घेऊन आले किंवा दारात तिकीट फाडलं गेलं, की ही सवलत गृहीत धरता येत नाही.

हक्क मिळवण्यासाठी करावं काय लागतं? काहीच नाही. कृती कागदावर उतरली की १९५७च्या कायद्याचं संरक्षण लागू होतं. नोंदणी ऐच्छिक आहे आणि दावा लावण्यासाठीही ती अनिवार्य नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं. वाद झालाच तर नोंदणीचा पुरावा म्हणून उपयोग होतो, एवढंच.

संरक्षण मिळतं ते मांडणीला, कल्पनेला नाही. इथे अनेक लेखकांचा हिरमोड होतो. आर. जी. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक प्रांतीय अभिमानावर बेतलेलं होतं. १९५६ साली ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, त्याचाही विषय तोच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७८ मध्ये आनंद हरले. विषय कोणाच्याही मालकीचा नसतो, त्याची हाताळणी वेगळी असेल तर ती नक्कल नव्हे, असा निकालाचा रोख होता. निर्मात्याला दोन वाक्यांत ‘आयडिया’ ऐकवून घरी येणाऱ्या होतकरू लेखकांनी हा निकाल ध्यानात ठेवावा आणि आधी संहिता लिहून काढावी.

माझ्या मते लेखकाचं खरं नुकसान चोरीपेक्षा सहीनं जास्त होतं. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असं वाक्य असलेला करारनामा वाचण्याचा कंटाळा केला जातो, कारण पुस्तक निघतंय याचाच आनंद मोठा असतो. करार मुका असेल तिथे कायदा लेखकाच्या बाजूनं बोलतो. हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर तो लेखकाकडे परत येतो. पण करारात वेगळं लिहिलं असेल, तर ही सगळी कवचं गळून पडतात. २०१२च्या दुरुस्तीनं निदान गीतकार-संगीतकारांना एक पक्कं कवच दिलं: चित्रपटगृहात सिनेमासोबत वाजतं ते सोडून, गाण्याच्या इतर वापरातला रॉयल्टीचा वाटा त्यांना सहीनंही सोडून देता येत नाही.

विकला तरी न जाणारा आणखी एक हक्क आहे, नावाचा आणि कृतीच्या इभ्रतीचा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प घडवलं. १९७९ मध्ये सरकारनं ते उतरवून गोदामात टाकलं, त्यात त्याची मोडतोड झाली. मालक सरकार होतं, पैसेही चुकते झाले होते. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष सहगलांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कोणाचीही कविता निनावी किंवा भलत्याच नावावर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्यांना हे कलम ५७ कोणी वाचून दाखवत नाही!

मुदतीचा हिशेब लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षांचा. पूर्वी ती ५० होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१अखेर संपत आला, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली आणि सगळ्याच लेखकांच्या वारसांना त्याचा लाभ झाला. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून कोणालाही छापता येते. पण एखाद्या प्रकाशकानं आज चित्रकाराकडून नवी चित्रं आणि समीक्षकाकडून नवी प्रस्तावना घेऊन तिची आवृत्ती काढली, तर दुसऱ्याला त्यातला गुरुजींचा मजकूर तेवढा उचलता येईल. चित्रं आणि प्रस्तावना नाही.