अवजार झाले, झाकण राहिले

मृग नक्षत्र तोंडावर आले की तालुक्याच्या गावांतील वेल्डिंगच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत ठिणग्या उडत असतात. दुकानाबाहेर भंगारातून वजनावर आणलेले सामान पडलेले असते. मोडीत निघालेल्या ट्रकचे कमानपाटे, जीपचे डिफरन्शियल, जुन्या रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स, बेअरिंगे, पाइपांचे तुकडे. यातूनच कुणाचे सरी पाडायचे अवजार तयार होते, कुणाचा द्राक्षबागेसाठी फवारणीचा ब्लोअर, तर कुणाचे ट्रॅक्टरवर चालणारे कुट्टी यंत्र.

ही कारागिरी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कारखान्यातले अवजार मोठ्या ट्रॅक्टरचा आणि मोठ्या रानाचा हिशेब धरून बनते. दोन एकर जमीन आणि मिनी ट्रॅक्टर असलेल्या माणसाला ते परवडत नाही आणि त्याच्या दोन ओळींत मावतही नाही. कमानपाट्याचे पोलाद चिवट असते, त्याचे फण चांगले होतात, हे लोहाराला पुस्तक न वाचता कळते. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकललाच मागे शेतीची अवजारे जोडली आणि त्यांच्या ‘बुलेट सांती’चे देशभर कौतुक झाले. गरज आणि अक्कल एकत्र आली की असे घडते.

अडचण आहे ती एकाच गोष्टीची. भंगारातून अवजार जुळवताना जो भाग काम करतो तो आठवणीने बसवला जातो. जो भाग काहीच काम करत नाही, नुसता झाकतो, तो राहून जातो. त्याच्याशिवाय यंत्र चालते, म्हणून कुणाला त्याची उणीव भासत नाही. ती भासते सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात.

ट्रॅक्टरच्या मागे, दोन चाकांच्या मध्ये, खाचा असलेला एक आखूड लोखंडी दांडा बाहेर आलेला असतो. त्याला पीटीओ म्हणतात. इंजिनाची ताकद त्याच्यातून शाफ्टद्वारे मागच्या अवजाराला मिळते. बहुतेक ट्रॅक्टरांवर तो मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टची जाडी सात सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात त्याच्याभोवती सुमारे 22 सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते. एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर! काहीतरी अडकले हे लक्षात येऊन माणूस मागे सरेपर्यंत अर्धा ते पाऊण सेकंद जातो. तेवढ्या वेळात मीटरभर पदर, उपरणे किंवा शर्टाची बाही आत गेलेली असते. कापडाचे थर चढतात तशी जाडी वाढते आणि ओढ आणखी जोरात लागते. म्हणून ‘मी चपळ आहे, हात काढून घेईन’ या भरवशाला इथे अर्थ नाही.

कारखान्यातून आलेल्या शाफ्टवर प्लॅस्टिकची नळी असते. आतला शाफ्ट फिरतो, बाहेरची नळी साखळीने बांधलेली असल्याने स्थिर राहते. घरगुती अवजाराला पुष्कळदा जुन्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट कापून जोडलेला असतो. त्याला नळी नसते. जोडावर बोल्टचे टोक बोटभर बाहेर आलेले असते आणि कापड पहिल्यांदा पकडते ते हेच टोक. मूळ शाफ्टला काही ठिकाणी मुद्दाम मऊ बोल्ट दिलेला असतो. अवजार दगडात अडकले की आधी तो तुटावा आणि बाकीचे वाचावे, यासाठी. तो वारंवार तुटतो म्हणून त्या जागी कडक बोल्ट घातला, की पुढच्या वेळी शाफ्ट किंवा गिअरचे दात तुटतात आणि तुकडे उडतात.

या जखमा विळ्याच्या किंवा कोयत्याच्या जखमेसारख्या नसतात. धारदार पात्याने बोट तुटले तर कडा स्वच्छ असतात, रक्तवाहिन्यांची टोके सापडतात, ती जोडण्याची शक्यता बरी असते. शाफ्टमध्ये हात ओढला गेला तर आधी पिळला जातो, मग उपटला जातो. कातडी हातमोज्यासारखी सोलून निघते. रक्तवाहिन्या आणि नसा तुटलेल्या जागेच्या खूप वरपर्यंत ताणून फाटलेल्या असतात. त्यामुळे तुटलेला भाग सोबत आणला तरी जोडणे अवघड होते. बायकांच्या बाबतीत वेणी किंवा पदर सापडला तर डोक्याची कातडी केसांसह निघते. त्यानंतर महिनोन्‌महिने शस्त्रक्रिया आणि त्वचारोपण करावे लागते.

मळणी यंत्राने हात गमावलेल्यांची संख्या वाढल्यावर केंद्राने 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. भारतीय मानकानुसार मळणी यंत्रात पेंढी सरकवायची पत्र्याची पन्हळ किमान 900 मिलिमीटर लांब हवी आणि त्यातला किमान 450 मिलिमीटर भाग वरून झाकलेला हवा. यामागचा हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत साधारण 70-75 सेंटिमीटर असतो. पन्हळ त्याहून लांब असली की हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. गावच्या दुकानात बनलेल्या यंत्राला नावाची पट्टी नसते आणि त्याची तपासणीही होत नाही. पण हा हिशेब टेप घेऊन कुणालाही पाळता येतो.

धोका शेतात सुरू होतो असेही नाही. तो दुकानातच सुरू होतो. वेल्डिंगच्या उजेडाकडे काचेशिवाय पाहिले की डोळ्याच्या बाहुलीवरचा नाजूक थर भाजतो. त्या वेळी काही जाणवत नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. बटाट्याचा कीस, दूध असले उपाय करू नयेत. डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून वारंवार टाकणे तर त्याहून घातक, त्याने जखम भरत नाही. ग्राइंडरची किंवा हातोड्याची कपची डोळ्यात गेली तर ती चोळून, काडीने काढू नये. दिसायला बारीक असलेली कपची कधी कधी बुबुळ फोडून आत गेलेली असते.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडताना पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. पुष्कळांना तो हिवताप वाटतो. एक-दोन दिवसांत तो बहुधा उतरतो, पण डॉक्टरांना ‘काल जीआय पाइप जोडला’ हे सांगितले तर निदान लवकर होते. धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर मात्र थांबू नये. डिझेल, थिनर किंवा कीटकनाशकाचे रिकामे पिंप कापणे तर सर्वांत वाईट. पिंप रिकामे दिसते, पण आत वाफ असते आणि एका ठिणगीने तिचा स्फोट होतो. झाकण उघडे ठेवले किंवा एकदा पाण्याने विसळले म्हणून धोका टळत नाही. असे पिंप अवजारासाठी घेऊच नये.

जुन्या हायड्रॉलिक नळीचेही तसेच. तिला सुईएवढे भोक पडले तर तेल इतक्या दाबाने बाहेर येते की ते कातडी भेदून आत जाते. बाहेर फक्त टोचल्याची खूण दिसते, दुखतही फारसे नाही. काही तासांत बोट सुजते, काळे पडू लागते. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. तेल टोचले असेल तर दुखण्याची वाट न पाहता त्याच दिवशी, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

अपघात झालाच तर पहिले काम ट्रॅक्टर बंद करणे. माणसाला ओढू नये, शाफ्ट उलटा फिरवून सोडवण्याचा प्रयत्न करू नये. कापड कापावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जोरात दाबून धरावे. हळद, माती, ऑइल काही लावू नये. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. भाग थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात. लोंबणारा भाग कापून टाकू नये. 108 ला फोन करावा आणि रुग्णालयात धनुर्वाताच्या लसीची आठवण द्यावी.

राहिले ते झाकण. शाफ्टसाठी साखळीची तयार नळी शेती अवजारांच्या दुकानात मिळते, ती विकतच घ्यावी. अवजार उचलताना शाफ्ट लांब-आखूड होतो, त्यामुळे शाफ्टवरच बसवलेला पाइप उपयोगाचा नाही. तो सोबत फिरतो आणि कापड पकडतो. पुली, पट्टा आणि साखळीवर मात्र दुकानातच पत्रा वाकवून, सांगाड्याला बोल्ट मारून आवरण करता येते. ते वेल्डिंगने कायमचे जोडू नये, नाहीतर ग्रीस द्यायच्या पहिल्याच दिवशी ते कापून फेकले जाते. बोल्टचे बाहेर आलेले टोक कापून सपाट करावे. शाफ्टजवळ जायचे तर आधी पीटीओ सोडवून इंजिन बंद करावे आणि किल्ली खिशात घालावी. चालू शाफ्ट ओलांडून पलीकडे जाऊ नये. सैल बाही, उपरणे, मोकळे केस, पदर आवरूनच यंत्राजवळ उभे राहावे आणि पोरांना तिथे फिरकू देऊ नये.

अवजार पहिल्यांदा रानात नेण्याआधी यंत्र बंद असताना त्याच्याभोवती एक चक्कर मारावी आणि फिरणाऱ्या प्रत्येक भागापाशी हात पोचतो का ते पाहावे. जिथे पोचतो तिथे पत्रा बसेपर्यंत अवजार दुकानातून हलवू नये. वेल्डरनेही मजुरी सांगताना झाकणाचे पैसे वेगळे मागू नयेत. ते अवजाराच्याच किमतीत धरावेत.